समई विझू नये म्हणून

मनीषनगरातल्या नव्या घराची प्रत्येक खोली आता मोबाइलवरून वेगवेगळी थंड होणार होती. एसीवाला एकेका खोलीचं तापमान विचारत होता, आणि भर मे महिन्यात घराला लग्नघराची कळा आली होती.

"माह्या खोलीत बावीस ठेव गा!" गणपतराव म्हणाले.

"मले अठरा!" त्यांचा मुलगा सौरव जिन्यावरून ओरडला.

देवघराची पाळी आली आणि सगळे विचारात पडले. हवेनं समई विझली तर? एसीवाल्यानं झोत छताकडे वळवला, वेग अगदी कमी केला. समई लावून पाहिली. ज्योत हललीसुद्धा नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून सौरवची आई कौशल्याबाई पोळ्या लाटता लाटता धावत आल्या. पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "आता स्वयंपाकघर!"

गणपतराव हसले. "तिथं काहून वं? हवेनं गॅस विझते ना!"

कौशल्याबाईंनी समईकडे पाहिलं. आत गेल्या, पोळपाट-लाटणं घेऊन आल्या आणि देवासमोर मांडी घालून बसल्या.

"सौरव, शेगडी इथं आणून दे गा. इथं काही विझत नाही."