जिभेचं पाप

सेलवीने हेंकीच्या मुलाशी लग्नाला नकार दिला, या रागातून त्याने इंडोनेशियात मिनाहासातल्या आमच्या गावात उठवलं की तिचं एका लग्न झालेल्या माणसाशी सूत जुळलंय. तिचं ठरलेलं लग्न मोडलं आणि ती गाव सोडून दूर मकासर शहरात निघून गेली.

ईस्टरच्या आधी हेंकी चर्चमध्ये माईकसमोर ढसाढसा रडला. "मी जिभेने पाप केलं," एवढंच म्हणाला. लोकांनी त्याला मिठ्या मारल्या.

बाहेर त्याने सेलवीच्या आईला, रिबकाला गाठलं.

"वहिनी, देवाने मला क्षमा केली. आता तुम्हीही करा."

"करते. आधी आत जा आणि त्याच माईकवर सांग, माझ्या पोरीबद्दल बोललास ते खोटं होतं."

"ते आता कशाला उकरायचं? देवाला सगळं ठाऊक आहे."

"देवाला आधीही ठाऊक होतं. गावाला नाही."

पुढच्या रविवारी हेंकी पुन्हा माईकपाशी गेला. रिबका श्वास रोखून बसली.


"आपल्यात एक बहीण आहे," तो डोळे पुसत म्हणाला, "तिचं मन फार कठोर झालंय. तिच्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करा."