बरोबरीच्या गाड्या

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट चिमूटभर आहे, पण मन लावून ऐका.

एक मेकॅनिक होते. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात कामातून गेला. तेव्हापासून ते डाव्या हाताने व्हिडिओ गेमचं स्टिअरिंग धरून लेकीशी गाड्यांची शर्यत खेळत. पण सलग तीनदा जिंकले आणि त्यांच्या जिवाला चैन पडेना. पोरगी कीव तर करत नाही ना?

"माझी गाडी हलकी केलीस ना गं?"

"तुम्हीच तपासा की. जन्म गेला गॅरेजात!"

त्यांनी दोन्ही गाड्यांचं सेटिंग उघडून ताडून पाहिलं. वजन, टायरमधली हवा, स्प्रिंगांचा कडकपणा, गिअर, सगळं तंतोतंत सारखं! तरी मनातली शंकेची पाल काही गप्प बसेना.

"मुद्दाम हरत असशील तर हे स्टिअरिंग आज माळ्यावर जाईल."

"बाबा, बडबड पुरे. गाडी काढा!"

शेवटच्या वळणापर्यंत दोघं चाकाला चाक लावून होते, आणि लेक वीतभर पुढे निघून जिंकली. हरूनही बाबांना हायसं वाटलं. तेवढ्यात पडदा क्षणभर काळा झाला आणि त्या काचेत त्यांना शेजारी बसलेली लेक दिसली. तिचा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता.

"हे काय?"

"गाड्या सारख्या हव्यात म्हणता, मग हात नकोत?"

बाबांनी डोळे पुसले आणि स्टिअरिंग पकडलं. "तो हात तसाच ठेव. आता तुला दाखवतोच."

कधी कुणाशी बरोबरीने खेळायची वेळ आली, तर मायबापहो, त्या लेकीची आठवण ठेवा.