खाली बसायला हरकत नव्हती

"केसभरही हललेला नाही," भिंतीवरच्या एक्स-रेवर पेन टेकवत डॉक्टर म्हणाले. मालनबाईंच्या खुब्यात दहा वर्षांपूर्वी त्यांनीच कृत्रिम सांधा बसवला होता, आखूड दांड्याचा. "नेहमीचा दांडा मांडीच्या हाडात खोल जातो. हा इथंच थांबतो, त्यामुळे हाड वाचतं. दहा वर्षांनंतरही बघा, कसा घट्ट आहे."

शिकाऊ डॉक्टर वाकून बघू लागले. ज्यांचा खुबा, त्या मालनबाई लासलगावाहून आलेल्या, खुर्चीवर बसून होत्या. सून उज्वला मागे उभी.

"आता जरा खाली मांडी घालून दाखवा यांना."

उज्वला पटकन पुढे आली. "खाली? अहो, आई खाली बसत नाहीत. तुम्हीच नको म्हणून सांगितलं होतं."

"ते पहिले तीन महिने. हाड सांध्याला धरेपर्यंत. नंतर काही हरकत नव्हती."

मालनबाईंनी मान वर केली. "नव्हती?"

"अजिबात नाही. पुढच्या तपासणीला कुणी सांगितलं नाही का?"

"आले व्हते मी तपासणीला. फोटो काढला, झकास हाय म्हणाले, दिलं लावून घरी."

"मग विचारायचं ना, आजी," एक शिकाऊ मुलगी हसून म्हणाली.

"देवानं नको म्हणलं असतं तर भांडले असते, बाई. डॉक्टर नको म्हणाले म्हणून गप बसले. खुर्चीवर."

मुलीचं हसू मावळलं.

"कांदाचाळीत बाया कांदा निवडायच्या, मी दारात खुर्चीवर. मुकादमावानी. पंगतीत खुर्ची. नातवाच्या बारशाला खुर्ची. कुठं जायचं म्हणलं की ही माझ्या आधी खुर्ची घेऊन पळायची."

"तुमच्या भल्यासाठीच ना, आई," उज्वला पुटपुटली.

"तुला नाय म्हणत मी." मालनबाईंची नजर डॉक्टरांवरच होती. "आमच्या मालकांना शेवटच्या घटकेला भुईवर घेतलं. नणंदेनं डोकं मांडीवर घेतलं, तिनंच पाणी पाजलं. मी बाजूला, खुर्चीवर. त्यांची नजर मला खाली शोधीत व्हती, साहेब. आन् मी वर व्हते."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. मग एक्स-रेकडे पाहून, "पण सांधा मात्र उत्तम टिकलाय हं."

मालनबाई उठल्या. उज्वलानं धरायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. खुर्ची पायानं अशी लोटली की ती भिंतीवर जाऊन आपटली. लुगडं सावरत, कुणाचा आधार न घेता त्या खाली वाकल्या आणि गुळगुळीत फरशीवर बसल्या. आधी चांगला पाय दुमडला, मग दुसरा. तोही सहज दुमडला. मांडीवरचं लुगडं त्यांनी दोन्ही हातांनी सारखं केलं.

"वा!" कुणीतरी मागून म्हणालं.

शिकाऊ मुलगी त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "दुखतंय का, आजी?"

मालनबाई आपल्या मांडीकडे बघत होत्या.

"दुखलं असतं तर बरं झालं असतं."