बटन बंद होतं

भीमराजनं चक्कीचं बटन बंद केलं आणि प्लगच्या भोकात टेस्टर घातला. टेस्टरातला दिवा लागला.

त्यानं बटन चालू केलं, परत बंद केलं. दिवा तसाच.

पीठ दळायची घरगुती चक्की कोपऱ्यात सरकवून तिच्यावर चादर टाकलेली होती. एकवीस दिवसांपूर्वी राजकुमारची बायको जया ती ओल्या फडक्यानं पुसत होती. पुसता पुसता करंट लागून तिथंच चिकटली आणि गेली. आता राजकुमारला चक्की, फ्रीज, मिक्सर, प्रत्येकासाठी वेगळा मोठा स्विच हवा होता; दोन्ही तारा एकदम तोडणारा. त्यासाठी त्यानं ढाणकीहून वायरमन भीमराजला तांड्यावर बोलावलं होतं.

भीमराजनं मेन स्विच पाडला आणि बोर्ड उघडला. आत दोन्ही तारा काळ्या. बटनावर करंटची तार यायला हवी होती, तिथं परतीची तार कसलेली होती. म्हणजे बटन बंद केलं की चक्की थांबायची, पण करंट तिच्या अंगात तसाच उभा राहायचा.

तारांची टोकं दुहेरी पिळून वर वाकवलेली होती. तशी टोकं वाकवायची सवय त्याला एकट्यालाच होती. दोन वर्षं झाली असतील, ठेकेदाराच्या हाताखाली असताना हे फिटिंग त्यानंच केलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी लाल तार संपली, म्हणून दोन्हीकडं काळीच ओढून तो घाईनं घरी गेला होता.

बाहेर ओसरीत राजकुमार फोनवर बोलत होता. भीमराजनं स्क्रू ढिला केला. तार मोकळी झाली. पाच मिनिटांचं काम होतं; तारा बदलल्या की कुणाला कळलंही नसतं.

"म्या बंद केलतं."

त्यानं दचकून मागं पाहिलं. दारात राजकुमारची म्हातारी आई उभी होती, मानीबाई. लेक आणि सून दोघंही तिला याडी, म्हणजे आई, म्हणत.

"तिनं इचारलं, याडी, बंद केलं का? म्या म्हटलं, केलं. मंग तिनं हात लावला."

ती कुणावर आरोप करत नव्हती. दूधवाल्याला, कंडक्टरला, आल्यागेल्याला सांगावं तसं तिनं त्यालाही सांगितलं. तिचा आवाज ऐकून राजकुमार आत आला.

"याडी, झालं का तुह्यं सुरू? करू दे त्याले काम." मग भीमराजकडं वळून म्हणाला, "एकवीस दिवसापासून हेच लावून राह्यली. पंखा बंद केला असंल न् चक्की समजली असंल. डोळ्यानं दिसत नाई धड, पण कबूल म्हणून करत नाई."

मानीबाई चौकटीला धरून उभी राहिली.

भीमराजनं मोकळी तार हातात धरली होती. ती त्यानं पुन्हा त्याच चुकीच्या जागी घातली, स्क्रू घट्ट पिळला आणि मेन स्विच वर केला.

"राजकुमारभाऊ, इकडं या. हा टेस्टर धरा. बटन बंद हाय ना? आता घाला."

दिवा लागला. राजकुमारनं स्वतः बटन दाबून पाहिलं. चालू, बंद. चालू, बंद. मग बटनावरचं बोट तसंच ठेवून म्हणाला, "म्हंजे?"

"म्हंजे मावशीनं बंद केलतं. बटनानं चक्की बंद होये, करंट बंद होत नव्हता. तार उलटी जोडेल हाय."

"कोणं जोडली?"

"म्या."

राजकुमारनं त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आदळलं. भीमराजनं हात वर केले नाहीत. दुसऱ्यांदा आदळलं तेव्हा ओट्यावरचा डबा खाली पडला. मग मानीबाई मधे शिरली आणि तिनं लेकाची बोटं एकेक करून सोडवली.

"हात नको लावू त्याले. मले पायजे तो."

"याडी..." राजकुमार तिच्या पायाशी बसायला वाकला, पण ती तोवर बाजूला झाली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ओसरीत जाऊन चपला शोधल्या.

"चाल," ती भीमराजला म्हणाली.

"कुठं, मावशी?"

"जयाच्या मायकडं. तेरवीले तिनं साऱ्या तांड्यापुढं माह्ये पाय धरून इचारलं, खरं सांगा, बंद केलतं का? म्या हो म्हटलं, तं ते माह्यापुढं थुंकली. आता तिले तू सांग."

"आत्ता?"

"आत्ताच. सकाळपर्यंत तुह्या मनात दुसरं काही येईन."

जयाचं माहेर उमरखेडच्या पलीकडं होतं. भीमराजनं मोटारसायकल काढली. म्हातारीला वर चढणं जमेना. त्यानं गाडी तिरपी केली, खांदा खाली वाकवला आणि मान समोर ठेवून थांबला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तिनं तो खांदा धरला.