अठ्ठावन्नचं फंक्शन

फोन थरथरला तसे कारखानीस सवयीने उठले. स्टेजवर लेकीचं कथक नुकतंच सुरू झालं होतं. शेजारी बायकोने पर्स खांद्याला अडकवली.

कुठली ॲम्ब्युलन्स कुठल्या रस्त्याने पाठवायची हे ठरवणारं सॉफ्टवेअरमधलं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, त्यांनीच लिहिलेलं. दर अडचणीला त्यात एक नवी अट घुसवत गेले. गुंता मोजणाऱ्या टूलने त्याला अठ्ठावन्न आकडा दिला, आणि दहापुढे म्हणजे धोका! त्यांच्याशिवाय ते कुणालाच उलगडत नसे. म्हणून घरचं प्रत्येक कार्य अर्धवट सोडून ते ऑफिसला पळायचे.

ऑफिसात नव्याने आलेल्या ताहेराने मात्र महिन्यापूर्वी खुर्ची ओढून विचारलं होतं, “सर, ही गुरुवारची अट कशाला?”

“पुलाजवळ आठवडी बाजार भरतो. एकदा पेशंट अडकला होता.”

तिने ती अट उडवली नाही. तिचं वेगळं, छोटं फंक्शन केलं. असा एकेक धागा सोडवत तिने प्रत्येक तुकडा दहाच्या आत आणला.

बाहेर येऊन त्यांनी फोन कानाला लावला.

“सर, गाडी चुकीच्या रस्त्याला लागत होती. चूक लगेच सापडली, दुरुस्त केली. पेशंट पोचला. फक्त कळवायला फोन केला.”

“ताहेरा, मग मी येऊ का?”

“कार्यक्रम बघा, सर.”

ते आत आले. बायको उभीच होती. “निघायचं ना?”

त्यांनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि ती मांडीवर ठेवून ते बसले.

“बस गं. अजून तिचे तोडे नाचून व्हायचेत.”