शेवळाचा कांदा

रंभामावशी टोपली घेऊन उतारावर आली तेव्हा समृद्धीने काय केलं, तर ती प्रियांकाच्या पाठीमागे सरकली. वीस वर्षांची घोडी, वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, आणि लहान पोरीसारखी मैत्रिणीआड लपली.

लपून काय होणार होतं म्हणा. ऐनाच्या झाडांखालचा तो अख्खा उतार खड्ड्यांनी भरला होता. डोंबिवलीहून आलेल्या बावीस मुलामुलींनी तासाभरात तिथली शेवळाची रानभाजी मुळासकट उपटली होती, कारण सरांनी तसं बजावलं होतं. नमुना मुळासकट हवा, नुसता वरचा कोंब चिकटवून आणलात तर पाच मार्क गेले. हेच सर सकाळी खडवली स्टेशनबाहेर उभे राहून निसर्ग ओरबाडू नये यावर वीस मिनिटं बोलले होते, आणि छान बोलले होते. समृद्धीने ते वहीत उतरवूनही घेतलं होतं.

बरं, ही जागा वर्गाला दाखवली कोणी? समृद्धीने. आणि तिला सांगितली कोणी? रंभामावशीनेच. गेल्या गुरुवारी कल्याणच्या बाजारात आई मावशीकडून शेवळाच्या जुड्या घेत होती, तेव्हा समृद्धी म्हणाली, मी झाडांचंच शिकते, ही भाजी उगवते कुठे ते बघायचंय मला. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक, त्यात शिकणारी पोर. म्हातारीला कोण कौतुक वाटलं. सख्ख्या शेजारणीला सांगितली नव्हती ती जागा तिने हिला सांगून टाकली. वरचा कोंब तेवढा मोडायचा, खालच्या कांद्याला हात लावायचा नाही, तो जमिनीत राहिला तर पुढल्या वर्षी पुन्हा येतो, हेही समजावलं. समृद्धीने शहाण्यासारखी मान डोलावली होती.

पण आज कोणालाच धड नमुने मिळेनात, सर वैतागले, आणि हिला राहवलं नाही. मला माहितेय जागा, असं ती म्हणाली आणि सगळा वर्ग तिच्या मागे निघाला. तेव्हाची तिची ऐट बघायला हवी होती. सगळ्यांत मोठा कांदाही तिनेच काढला. दाबायला फार जाड होता म्हणून ब्लेडने मधोमध चिरला, वर्तमानपत्रात घातला आणि नमुने दाबायच्या दोन फळ्यांमध्ये ठेवून पट्टा आवळून टाकला.

रंभामावशी ओरडली नाही. एका खड्ड्याशी बसली, आत बोटं घालून पाहिली, मग दुसऱ्याशी गेली. शेवटी तिने सरांना विचारलं, कांदे हायत का अजून तुमच्याकडं. सर अभ्यासक्रमाचं काहीतरी सांगू लागले, तेवढ्यात वर्गातल्या संदेशने आपला कांदा निमूटपणे तिच्यापुढे ठेवला. मग एकेकाने पिशव्या उघडल्या. म्हातारी कांदा मातीत बसवायची, वर माती लोटायची, हाताने दाबायची आणि पुढे सरकायची. तिची टोपली एका बाजूला रिकामी पडली होती.

समृद्धी जागची हलली नाही. चिरलेला कांदा देऊन आता काय उपयोग, असं तिने मनाशी चारदा म्हणून पाहिलं. चारही वेळा ते तिला स्वतःलाच पटलं नाही. खरं तर फळ्या उघडून तो कांदा दाखवायची तिला लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

एक खड्डा उरला. सरांनी इकडेतिकडे बघून विचारलं, "समृद्धी, तुझा कुठेय?"

नाव ऐकून रंभामावशीने मान वर केली. समृद्धीला पाहिलं आणि इतका वेळ आक्रसलेला तिचा चेहरा एकदम सैल झाला.

"तिनं नाय काढला," ती सरांना म्हणाली. "तिला मी सांगितलेलं."

प्रियांका खाली गवताकडे बघत राहिली. बोलायचं तर आत्ताच, हे समृद्धीला कळत होतं. अर्ध्या तासापासून तळहातांना खाज सुटली होती, गवत लागलं असेल म्हणून ती ते जीन्सवर घासत होती. आत्ताही नकळत घासत होती.

रंभामावशी त्या हातांकडे बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि समृद्धीपाशी आली. शेवळाच्या भाजीत खाज मारायला काकडं घालतात, ती आंबट हिरवी फळं. तिने ओटीतून त्यातली दोन काढली आणि समृद्धीच्या हातावर ठेवली.

"चोळ हाताला," ती हळूच म्हणाली. बाकी कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू. "कांदा चिरला की सुटते खाज."

एवढं बोलून ती वळली. समृद्धीने घाईघाईने पट्टा सोडला, कागद उलगडला, पण दोन फोडी हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली. तोवर रंभामावशीने शेवटचा खड्डा रिकामाच बुजवला होता. तिने टोपली उचलली आणि ती आल्या वाटेने उतरून गेली.

डोंबिवली येईपर्यंत समृद्धीचे तळहात लालभडक झाले. प्रियांका दोनदा म्हणाली, अगं, लाव ना ती काकडं. समृद्धीने ती मुठीत घट्ट धरली होती. मूठ तिने उघडली नाही.