क्लॅरिनेटचा सूर

स्टुडिओत काचेपलीकडच्या खोलीत तात्या एकटेच उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी वरातीत, ढोलाच्या दणदणाटात, चालत चालत क्लॅरिनेट वाजवलं होतं. आज कानांवर हेडफोन होते आणि एका जागी उभं राहून त्यांना ताल सापडत नव्हता. सहाव्यांदा सूर घसरला, तेव्हा ते म्हणाले, "महादेव, मी जरा बाहेर बसतो."

महादेव त्यांचा मुलगा, आता बँडचा मालक. बँडने स्वतः बांधलेलं हे पहिलंच गाणं. बाकी सगळ्यांचं रेकॉर्डिंग नीट झालं होतं.

"त्यांना नाही जमणार," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "क्लॅरिनेट मी कीबोर्डवर वाजवतो. मिक्सिंगनंतर कुणाला कळायचंही नाही."

महादेवने बंद दाराकडे पाहिलं आणि हळूच "बरं" म्हणाला.

तासाभराने तात्यांना गाणं ऐकायला आत बोलावलं. क्लॅरिनेट सुरू झालं तसा ट्रम्पेटवाला खाली बघू लागला. तात्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"अगदी सुरात आहे," ते म्हणाले. "पण हा वाजवणारा श्वास कुठं घेतो रे?"

महादेवने रेकॉर्डिस्टकडे हात केला. "तात्या, आपण परत वाजवू. मी सांगतो यांना."

"नको. लोकांना हेच आवडंल."

तात्यांनी क्लॅरिनेट सुटं केलं, एकेक भाग पुसून पेटीत ठेवला आणि पेटी महादेवपुढे सरकवली.

"उद्याच्या लग्नाला दुसरा कुणी बघ," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.